गुरुवार आणि बोअरचं पाणी

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले आणि लगोलग खोटं बोलायलाही शिकले. दोन्ही आपल्याला फार झकास जमतं, असं तेव्हा मला वाटायचं.

आमच्या ह्यांची अट होती: गावात चालव, हायवेवर एकटीनं जायचं नाही. माझी आई हायवेवरच्या मंद्रूप गावी, खुबा मोडून अंथरुणावर. मग दर गुरुवारी हे ऑफिसला गेले, की मी गाडी काढायची, मंद्रूप गाठायचं, तिची वेणी घालायची आणि हे यायच्या आत परत. "लई ऊन हाय, कशाला येतीस?" असं आई म्हणायची आणि डोकं माझ्याकडे करून बसायची.

गाडी जुनी. घरी आल्यावर बघावं तर बॉनेटखालच्या बाटलीतलं इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट उतरलेलं. मी त्यात बोअरचं पाणी ओतायची. सोलापुरातलं बोअरचं पाणी! ज्यानं आमच्या बादल्यांना पांढरं कवच चढतं, तेच. हिरव्यात मिसळलं की कळतंय कुणाला?

मे महिन्यातल्या एका रविवारी ह्यांनी घरीच कूलंट बदलायचं काढलं. इंजिन थंड हवं, म्हणून गाडी ढकलत पोर्चमध्ये घेतली. मी स्टिअरिंगवर, हे मागून. मी ती अशी सुबक लावली, की उजवीकडे भिंत, डावीकडे पाण्याची भरलेली पिंपं, आणि एकही दार चार बोटांपलीकडे उघडेना. ह्यांनी चाकांना विटा लावल्या.

"बस आता तिथंच. हीटरचं बटण गरमवर फिरव, म्हणजे आतलं सगळं निघेल."

खालच्या घमेल्यात हिरवं पडायला हवं होतं. पडलं ताक, त्यात पांढरे कपचे.

बॉनेटच्या आडून ह्यांचं डोकं बाहेर आलं. "बोअरचं पाणी कुणी घातलं ह्यात?"

"मी. एकदाच."

"एकदाच्या पाण्याला एवढा क्षार?"

अशा वेळी स्वयंपाकघरात सटकायची माझी जुनी पद्धत. पण सटकणार कुठून? "आजी, खिडकीतून निघायचं की," असं ही गोष्ट ऐकताना नाती म्हणतात. अगं, माझा घेर तेव्हाही काही कमी नव्हता!

हे डिस्टिल्ड वॉटरनं रेडिएटर धूत राहिले आणि दर धुण्याला एकेक प्रश्न. गावातल्या गावात एवढं पाणी कसं लागतं? किलोमीटर इतके कसे वाढले? ऊन पोर्चमध्ये शिरलं. नवं कूलंट भरून झालं, तसे हे म्हणाले, "चालू कर. हीटर फुल ठेव. आत अडकलेली हवा निघाली पाहिजे."

सोलापूरचा मे, आणि हीटर फुल! पाच मिनिटांत मीच सगळं ओकले. "मंद्रूपला जाते. दर गुरुवारी. आईची वेणी घालायला."

हे रेडिएटरच्या तोंडातून निघणारे बुडबुडे बघत होते. मग म्हणाले, "उद्यापासून किल्ली माझ्याकडे."

तेव्हा कुठं मला दिसलं, की आत्ता ती माझ्याच गुडघ्यापाशी लटकतेय. मी इंजिन बंद केलं.

"अगं, बंद काय करतेस! हवा राहील आत!"

"राहू दे. मीपण राहते. आधी गुरुवारचं बोला."

हे भिंतीकडून शिरायला गेले, पोट अडलं. पिंपांकडून आले, पण भरलेलं पिंप हलतंय होय? आणि नळाला पाणी पुन्हा चार दिवसांनी, त्यामुळे ओतूनही देववेना. मी पदरानं वारा घेत ऐटीत बसले होते. आतून मात्र घाबरले होते. गुरुवारी आई दाराकडे बघत राहील आणि मी जाणार नाही, हे मला सोसलं नसतं.

"पोचल्यावर फोन करायचा," हे शेवटी बॉनेटकडे बघत बोलले. "निघतानाही."

"करीन."

"बोअरचं थेंबभर घालायचं नाही. कूलंटची बाटली डिकीत ठेवतो. आणि इंजिन गरम असताना झाकणाला हात लावलास तर बघ."

"नाही लावणार. करू चालू?"

"कर."

हवा निघायला हीटर फुल ठेवून आणखी वीस मिनिटं लागली. मला जरा लवकर सोडवा, असं म्हणायचं तोंड आता मला उरलं नव्हतं.