मामाच्या कानापुरतं

माझा मामा एका कारखान्यात वेताच्या खुर्च्या विणतो. लहानपणी तापात त्याची दृष्टी गेली आणि तेव्हापासून त्याच्या आयुष्यात खाजगी असं काही उरलं नाही. त्याला आलेलं प्रत्येक पत्र आधी दुसऱ्या कुणीतरी वाचलेलं असे. लग्नाआधी मामीने लिहिलेली पत्रंसुद्धा माझ्या आईने वाचून दाखवली, आणि लाजून मधल्या ओळी गाळल्या.

लग्नानंतर मामीने यावर उपाय काढला. ती बसस्थानकात तिकीट खिडकीवर होती. जरा उसंत मिळाली की फोनमध्ये बोलून ठेवायची. आज एका बाईने टोपलीतून मांजर नेलं, आज समोरची भिंत निळी रंगवली, आज तुझी फार आठवण आली. मामा ते इअरफोन घालून एकटाच ऐकायचा. मामी गेली, पण तिचा आवाज ऑनलाइन खात्यात राहिला.

मागच्या महिन्यात त्या खात्यात कुणीतरी शिरलं. पासवर्ड म्हणजे मामीचं लाडकं नाव. मामा तो फोनला तोंडाने सांगायचा, त्यामुळे साऱ्या कारखान्याला पाठ. शिरणाऱ्याने बरीचशी रेकॉर्डिंग पुसून टाकली. कोण होतं ते कळलंच नाही. मामा कामावर जाईना.

संगणक सुरक्षा हे माझं कामच. उरलेली रेकॉर्डिंग वाचवायला मी मामाला नवा पासवर्ड बोटांनी टाकायला शिकवला आणि वर दुसरं कुलूप लावलं. पासवर्डनंतर फोनवर कोड येणार, तो टाकल्याशिवाय खातं उघडणार नाही. मामा पुन्हा कामावर गेला. जेवणाच्या सुट्टीत त्याने खातं उघडायला घेतलं. त्याचा फोन आलेला प्रत्येक मेसेज मोठ्याने वाचतो, कोडही वाचला. शेजारी विणायला बसणाऱ्याला सगळे पोपट म्हणतात. त्याने लगेच री ओढली, "चार, शून्य, नऊ... दादा, वहिनी आल्या वाटतं भेटायला!"

सगळे हसले. मामाने फोन खिशात टाकला.

संध्याकाळी त्याने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अरे, आधी इअरफोन घालायचा, मग कोड मागवायचा."

"पोरी, मी किती सांभाळून राहू? मला हातात धरता येईल असं काहीतरी दे."

मग मी बोटाच्या पेराएवढी किल्ली आणली. पासवर्ड टाकायचा आणि ही फोनच्या पाठीला टेकवायची. कोड नको, बोलणं नको. मामाने ती अंगठ्याने चाचपली.

"हिला दात नाहीत."

"आत आहेत."

एक हरवली तर पंचाईत नको म्हणून दुसरी किल्लीही खात्याला जोडून दुसऱ्या कुणाकडे ठेवायची होती. आई म्हणाली, "आण इकडे, माझ्याजवळ राहील."

"तू ओळी गाळतेस, ताई."

आईला हसावं की रडावं कळेना.

मामाने ती माझ्या हातात दिली. "नुसत्या हिने उघडत नाही ना?"

"नाही. पासवर्डही लागतो."

"तो मी कुणाला सांगणार नाही."

"आणि तुझ्यानंतर, मामा? सगळं कायमचं बंद होईल. मामी कुणालाच ऐकू येणार नाही."

त्याने खिशातून इअरफोन काढले.

"ती मला सांगत होती गं," तो म्हणाला. "आता तुम्ही दोघी जरा बाहेर बसता का?"

आम्ही दार लोटून ओसरीवर बसलो. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. आईने एकदाही मान वळवली नाही.