फळीखालची बॅटरी

आमच्या टेम्पोत दोन बॅटऱ्या आहेत. पुढची इंजिन चालू करायला आणि मागची घराला. घर म्हणजे टेम्पोचा मागचा भाग. त्यात झोपायच्या फळ्या, एक शेगडी, फोटो छापायचं मशीन आणि सासूबाईंची देवी. जत्रांमध्ये माझे मालक लोकांचे फोटो काढतात, मी ते लगेच छापून, कापून देते. घरची बॅटरी माझ्या फळीखाली असते. गाडी चालली की ती भरते, उभी राहिली की रिकामी होत जाते. ती किती टिकते आणि कशानं संपते, हे मी गेल्या चैत्रात येरमाळ्याच्या जत्रेत शिकले.

त्या वेळी जागा मिळाली ती रेवड्यांच्या दुकानाला लागून. पुढं पाळणे उभे राहिले, मागं पालं लागली. देवीच्या पालखीचा दिवस होईपर्यंत टेम्पो हलणार नव्हता. नुसतं इंजिन चालू ठेवावं तर धूर थेट दुकानात. दुकानदार पहिल्याच दिवशी मालकांना म्हणाला की रेवडीला डिझेलची चव यायला लागली, आता तुम्हीच खा. सगळे हसले आणि इंजिन बंद झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका नव्या जोडप्याचा फोटो छापत होते. मशीन कागद हळूहळू बाहेर सोडतं. दोघांची तोंडं आली, हार आले, कमरेपर्यंत फोटो आला आणि बॅटरीवर मशीन चालवणारा इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला. मग सगळंच बंद पडलं. नवरीनं कागद हातात घेऊन विचारलं, "आमाला पाय न्हाईत का?" मागं थांबलेले लोक हसत दुसऱ्या फोटोवाल्याकडं गेले.

मालकांनी फळी उचलून बॅटरी बघितली, मग माझ्याकडं बघितलं. सासूबाई म्हणाल्या की ही रोज दुपारी पंखा लावून पडते. ते खरं होतं. पत्रा तापला की आत बसवत नव्हतं, म्हणून मी तासभर पंखा लावायची. मी मान खाली घातली. मला चार माणसांत बोलता येत नाही, घरातही फारसं येत नाही.

मालक म्हणाले, "पुढच्या जत्रंला तू तेरलाच ऱ्हा. आई अन् मी भागवू."

तेर गावात दिरांचं घर आहे. लग्नानंतर दोन वर्षं मी तिथं मागच्या खोलीत काढली. काम असलं की हाक यायची, एरवी दिवस दिवस कुणी बोलायचं नाही. टेम्पोत मला कुणाशी बोलावं लागत नाही, पण माणसं दिसतात. त्यांचे चेहरे माझ्या हाताखालून जातात. मला ते सोडायचं नव्हतं, आणि तसं म्हणायचं धाडस नव्हतं.

बॅटरी हातगाडीवर घालून गावात नेली. तिथल्या बॅटरीवाल्यानं रात्रभर लावून सकाळी भरून दिली. हातगाडी धरायला मी होते, म्हणून त्याचं बोलणं ऐकलं. तो मालकांना सांगत होता की इंजिन बंद केल्याबरोबर बॅटरीच्या मीटरचा आकडा बघू नका, तो फसवा असतो. तासभर थांबून बघा. बारा पॉइंट सात व्होल्ट म्हणजे भरलेली. बारा पॉइंट दोन म्हणजे निम्मी झाली. त्याच्या लई खाली गेली तर तिचं आयुष्य कमी होतं.

पालखी दुसऱ्या दिवशी होती, सगळ्यात जास्त फोटो त्याच दिवशी निघतात. मालकांनी हुकूम काढला की तोपर्यंत पंखा नाही, मशीन नाही, दिवासुद्धा लावायचा नाही. बॅटरी जोडून ते बाहेर गेले. मी फोटोच्या कागदाचं रिकामं खोकं फाडलं आणि पेन्सिलीनं आकडे लिहायला लागले. चौथीपर्यंतचं गणित तेवढ्याला पुरतं. सकाळी बारा सात. दोन तासांनी बारा सहा. अकरा वाजता बारा पाच. काहीच चालू नसताना आकडा उतरत होता. असंच चाललं तर पालखीच्या सकाळी मशीन पुन्हा अर्धे फोटो काढणार, आणि मी तेरला जाणार.

मी पंख्याची वायर हातानं चाचपत गेले. ती सरळ बॅटरीला जोडलेली होती, पंखा बंद म्हणजे तिच्यातून काही जात नव्हतं. मग इन्व्हर्टरवर हात ठेवला. तो कोमट होता आणि आतून बारीक घुमत होता. कशासाठी, ते वर बघितल्यावर कळलं. देवीपुढचा लाल बल्ब.

आधी तिथं तेलाचा दिवा असायचा. एकदा पडद्यानं पेट घेतला, तेव्हापासून बल्ब आला. मालक गाडीच्या अपघातातून वाचले, तेव्हा सासूबाईंनी देवीला बोलून ठेवलं होतं की गाडी घराबाहेर आहे तोवर देवीपुढं अंधार होणार नाही. त्यामुळे दिवा लावायचा नाही या हुकमात तो बल्ब कुणी धरलाच नव्हता. बारका बल्ब, तो काय खाणार, असंच मलाही वाटत होतं.

खात्री करायची तर बंद करून बघायला हवं होतं. सासूबाई दर्शनाला गेल्या होत्या. मी देवीला हात जोडले आणि इन्व्हर्टरचं बटण दाबलं. घुमणं थांबलं. आकडा जरा वर सरकला आणि तिथंच राहिला. दीड तास मी त्याच्यासमोर बसून होते. तो हलला नाही.

पाठीमागं पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. सासूबाई दारात उभ्या होत्या आणि बल्बकडं बघत होत्या. त्यांच्यामागून मालकही आले.

"कुणी इझवला?" सासूबाईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता, त्यानंच मला जास्त भीती वाटली.

"म्या, आत्या."

"देवीचा दिवा खातो म्हण की बॅटरी. माझ्या पोरापेक्षा तुला पंखा मोठा झाला."

मी खोक्याचा तुकडा मालकांच्या हातात दिला आणि खाली बघतच बोलले, "दिवा न्हाय खात, आत्या. दिव्यासाठी हा इन्व्हर्टर रातंदिस जागा ठिवलाय, त्यो खातोय. पंख्यासारखा दिवा सरळ बॅटरीला जोडला, तर इझवायचं काम न्हाय."

मालकांनी आकडे दोनदा वाचले. मग इन्व्हर्टरला हात लावून बघितला, पुढं केबिनमध्ये गेले आणि आतला, सरळ बॅटरीवर चालणारा बारका दिवा काढून घेऊन आले. त्याला लाल कागद गुंडाळला आणि दोन वायरी सरळ बॅटरीला दिल्या. देवीपुढं पुन्हा उजेड झाला, काही न घुमता. सासूबाईंनी कान पकडून देवीची माफी मागितली, माझ्याकडं बघितलं नाही.

"उद्याला पुरंल?" मालकांनी मला विचारलं.

"फोटो झाला की इन्व्हर्टर बंद, गिऱ्हाईक आलं की चालू. बटणावर मी बसते."

पालखीच्या दिवशी सकाळपासून माझा हात बटणावरच होता. इथल्या रीतीप्रमाणे देवीच्या आमराईतून चुनखडीचे खडे वेचून आलेले लोक पांढऱ्या हातांनी फोटोला उभे राहत होते. दुपारी आकडा बारा दोन झाला. नंतर मशीन चालू असताना तो अकरा सहापर्यंत उतरायचा, बंद केलं की पुन्हा चढायचा, आणि दर वेळी थोडा कमी चढायचा. मालक बाहेरून ओरडून विचारायचे की अजून किती, आणि मी आतून सांगायची. चार वाजता मी दहा म्हणाले. त्यांनी दहाच माणसं घेतली, बाकीच्यांना हात जोडले. दहाव्या फोटोत एक म्हातारी नातवंडं घेऊन बसली होती. कागद सरकत होता तेव्हा मी मीटरवरची नजर काढली नाही. सगळ्यांचे पाय आले.

सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पुढच्या जत्रेला निघायच्या सकाळी मी माझी पिशवी भरावी की नाही, या विचारात तेरला दिरांच्या ओट्यावर बसले होते. सासूबाईंनी टेम्पोतूनच हाक मारली, "ते आकड्याचं खोकं घेतलंस का? अन् मीटर बघ आधी, मग देवी बसवू."