पिएत्रो अंकलच्या गाई

मेई आंटींचा फोन आला तेव्हा मी पाया लेबार स्टेशनवर एमआरटी मेट्रोतून उतरत होते. "अंकल गेले," एवढंच म्हणाल्या. महिना झाला आता. खरं सांगते, दुःख नंतर आलं, आधी भीती वाटली. आंटी आता त्या फ्लॅटमध्ये एकट्या...

पिएत्रो अंकल इटलीतल्या डोंगरगावचे. कुरणं आणि गुरं रंगवून त्यांनी तिकडे नाव कमावलं, मेई आंटींशी लग्न करून सिंगापूरला आले, आणि इथली पाणमांजरं, घोरपडीही रंगवू लागले. जीव मात्र गाईंत. पोंगलला लिटिल इंडियात गाई आणून बांधतात. तिथे चित्र काढत बसलेल्या या गोऱ्या आजोबांना मी, सांगलीकडच्या गोठ्यात वाढलेली, आगाऊपणे सांगून बसले, "शिंगं जरा जास्तच वळलीत." ते खूश! तेव्हापासून दर रविवारी त्यांच्या घरी माझी हजेरी.

पुढे डॉक्टरांनी विस्मरणाचा आजार सांगितला. अंकल म्हणाले, "एक दिवस माझी गाय चुकेल. तेव्हा तू सांगायचं. बाकी कुणी सांगणार नाही." मी हो म्हटलं आणि पस्तावले. दर रविवारी चित्रावरचं कापड निघेपर्यंत मनात एकच, देवा, आज नको...

आणि एका रविवारी मागचे पाय चुकले. माणसाच्या गुडघ्यांसारखे पुढे मुडपलेले. अंकलच्या पाठीमागे आंटी हात जोडून उभ्या, मानेनंच नको म्हणत होत्या.

"अंकल, मागचे पाय चुकलेत."

ते चित्राजवळ वाकले. "मला बरोबरच दिसतायत," हळूच म्हणाले. इतके घाबरलेले डोळे मी कधी पाहिले नव्हते. मग त्यांनी फडक्यानं गाय पुसली. त्यानंतर फक्त कुरणं रंगवली. "गवताला पाय नसतात," म्हणून हसायचे. आंटींनी बरेच दिवस माझ्याशी अबोला धरला.

परवा ऑफिसातून लवकर सुटले, म्हणून त्यांच्याकडे गेले. ईझलवर अर्धं हिरवं कुरण तसंच आहे. आंटी त्याच्यासमोर बसल्या होत्या.

"मार्केटमधून येताना मी दुसऱ्याच बिल्डिंगमध्ये शिरले," त्या म्हणाल्या. "दोनदा. कुणाला बोलले नाही. माझं चुकलं की मलाही सांगशील ना? अंकलना सांगितलंस तसं. लपवायचं नाही, लाह." त्यांचं 'लाह' म्हणजे आपलं 'हं'.

मी हो म्हटलं.

"बरं झालं," आंटी हसल्या. "दर रविवारी येतेस, आजही आलीस."

"आज बुधवार आहे, आंटी," मी म्हटलं.