जेठीबायचा उतार

वाणगावच्या बाजारात ढोबळ्या मिरचीच्या भावावरून माझी घासाघीस चालली होती, तेवढ्यात मंगलचा फोन आला. मंगल म्हणजे सायवनकडच्या पाड्यावरच्या जेठीबायची सून. "आई गेली," ती म्हणाली. आणि लगेच पुढे म्हणाली, "सावकाश या. तिनं सांगून ठेवलंय, सायबाला पायवाटेनं एकटा येऊ देऊ नका, एका दिवशी दोन मयतं उचलायला पाड्यात माणसं नायत." मी भर बाजारात हसलो, आणि पुढच्याच क्षणी डोळे भरून आले. मिरचीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि भावाचं एक अक्षर न काढता पिशवी भरून दिली...

जेठीबायची नि माझी ओळख माझ्या घसरण्यातूनच झाली. दोन हजार पंधराचा उन्हाळा असेल. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला होता आणि आता जंगल कसं राखायचं, कुठे काय लावायचं, याचा आराखडा ग्रामसभेला करायचा होता. तो लिहून द्यायला डहाणूच्या आमच्या लहानशा संस्थेनं मला धाडलं. शिवारफेरीत मी पुढे. पाड्यामागच्या उतारावर पोचलो, तिथे वाळलेल्या काटक्यांखेरीज काही दिसेना. "ही जागा रिकामी दिसते, इथे रोपं लावू," असं मी ऐटीत म्हणालो आणि त्याच उतारावरून बसल्या बसल्या, पँट घासत, खाली आलो. हात मारला तो एका काटकीच्या झुडपाला. त्यानं मला धरून ठेवलं. वरून बाईमाणसाचा खणखणीत आवाज आला, "रिकामी जागा ना सायब? मग सोड ना ती कारवी!"

मी सोडली नाही. आवाजाची मालकीण कमरेवर हात ठेवून पोटभर हसून घेईपर्यंत मी तसाच लटकलो होतो.

ती कारवी म्हणजे पाड्याच्या घरांच्या भिंती. तिच्या काठ्या उभ्या बांधायच्या, वर शेणमाती लिंपायची, झाला कूड. ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. बी झडायच्या आधी त्या उतारावर कोयता न्यायचा नाही, ही पाड्याची रीत. जेठीबायच्या हिशेबानं ती पुढच्या पावसाळ्यात फुलणार होती. त्याआधी रोपांसाठी खड्डे खणले, तर बीच पडणार नव्हतं. कारवी गेली की मातीही सुटणार, आणि ती उतरणार थेट खालच्या भातखाचरांत.

पण खड्डे ज्यांना हवे होते तेही पाड्यातलेच. तिचा धाकटा दीर देवजी ग्रामसभेत उठला. "खड्ड्यांची मजुरी इथंच मिळंल वहिनी. नायतर पोरं परत वीटभट्टीवर जातील. आन् आता सगळ्यांना सिमेंटची घरं येतात, कूड घेऊन काय करतंस?"

"सिमेंटच्या खोलीत वैशाखात चूल पेटव, मग सांग."

"आन् नाय फुलली तर?"

"नाय फुलली तर मी कुदळ घेन हातात. तू सावलीत बसून विडी ओढ."

सभा हसली आणि एक पावसाळा थांबायचं ठरलं. आराखड्यात 'रिकामी जागा' खोडून काय लिहू, असं मी विचारलं, तर म्हणाली, "तुझ्या पँटीला विचार."

पुढच्या भाद्रपदात मी गेलो, तर अर्धा उतार जांभळा आणि अर्धा हिरवा ढिम्म! जेठीबाय म्हणाली, आपण जिंकलो. देवजी म्हणाला, आपण. दोघांनी मला पंच नेमलं. मी चष्मा पुसत बसलो, म्हणून दोघांनी मिळून मला शिव्या घातल्या. अखेर फुललेला अर्धा कारवीला राखायचा आणि उरलेल्यात खड्डे खणायचे, असं ठरलं. उन्हाळ्यात जेठीबाय खरोखरच कुदळ घेऊन आली. दर खड्ड्याला देवजीचं नाव ठेवत खणत होती. देवजी शेजारीच खणत होता, आणि वहिनीचा खड्डा वाकडा म्हणून ओरडत होता... मीही एक खणायला घेतला. तो आजतागायत पाड्यातल्या पोरांची करमणूक आहे.

पुढे तिच्या मुलाला सिमेंटचं घर मिळालं. हिनं त्याला लागून, बी झडून वाळलेल्या त्याच कारवीचा कूड घालून चुलीची खोली बांधून घेतली. लिंपताना चुलीसमोर एक फट मुद्दाम मोकळी ठेवली. भाकरी थापता थापता तिथून अख्खा उतार दिसे, आणि कुणी कोयता घेऊन चढला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार भाकरी करपायच्या आत उरके.

परवा, ती गेल्याला महिना होत आला असताना, पाड्यावर गेलो. उतारावर नवी कारवी कमरेएवढी झाली आहे. देवजीची रोपंही बरी आहेत, मीच नाव ठेवायला जागा शोधत होतो. एक कोवळी कारवी फारच देखणी दिसली, म्हणून सहज हात पुढे केला. तोच खालच्या कुडाच्या फटीतून मंगलचा आवाज आला, सासूपेक्षा एक पट्टी वरचा:

"ए सायब! हात खाली!"

मी दोन्ही हात खाली केले.