सीमेवर थांबलेला ठिपका

सीमा ओलांडली की माणूस आतून बदलतो. हे वाक्य आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं. त्यांनी आजवर ओलांडलेली सर्वांत लांबची सीमा म्हणजे सासुरवाडीला जाताना लागणारा टोलनाका. पण माइक हातात आला की अनुभवाची अट राहत नाही. मी मोटरसायकलवरून एकटी नेपाळला निघाले होते आणि गेटपाशी माझा निरोपसमारंभ चालू होता. काठीला कुणाच्या तरी ओटीतला हिरवा ब्लाउजपीस बांधून झेंडा केला होता. "द्रोणागिरीची कन्या आज हिमालयाच्या भेटीला निघाली आहे," ते म्हणाले. कन्येची पन्नाशी उलटून गेली होती. आणि आमचं द्रोणागिरी म्हणजे पुराणातलं नव्हे, उरणजवळचं, गोदामांचं आणि कंटेनरच्या ट्रेलरांचं. इथे संजीवनी हवी असेल तर मेडिकलमध्ये विचारावं लागतं, आणि तिथेही ते दुसऱ्या कंपनीची देतात.

"साहेब, तुम्ही टेन्शन घेऊ नका," सेक्रेटरी माझ्या नवऱ्याला म्हणाले. "मॅडमचं लाइव्ह लोकेशन रोज ग्रुपवर येणार. ठिपका हलतोय तोवर सगळं ठीक."

ठिपका हलायचा थांबला तर काय, हे ते बोलले नाहीत. नवरा हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

त्याच्या हृदयात आदल्या वर्षी दोन स्टेंट बसले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेल कमी, चालणं जास्त, धसका अजिबात नाही. पहिल्या दोन गोष्टी माझ्या हातात होत्या. तिसऱ्यासाठी मी घरी बसायला हवं होतं, आणि तो स्वतःच म्हणाला, "तू जा. नाहीतर आयुष्यभर ऐकवशील." पण मी त्याला ओळखते. स्टेंटच्या आधीची गोष्ट, एकदा एपीएमसी मार्केटमधून आंबे आणताना माझा फोन बंद पडला. मी पेटी घेऊन दारात पोहोचले तोवर त्याने दोन हॉस्पिटलं आणि एक पोलीस चौकी पालथी घातली होती आणि स्वतः घामाने निथळत जिन्यात बसला होता. म्हणून या वेळी ठरलं होतं: लोकेशन त्याला वेगळं पाठवायचं, कारण पार्किंगच्या भांडणानंतर तो सोसायटीचा ग्रुप सोडून बसला होता, आणि दिवेलागणीच्या आत फोन करायचा. रोज. काहीही झालं तरी.

सुनौलीच्या सीमेपर्यंत हे बिनचूक पार पडलं. सीमा म्हणजे एक कमान होती. कमानीखालून सायकलरिक्षा, म्हशी आणि लग्नाचं बँडपथक असे सगळे न थांबता जात होते. थांबायचं ते फक्त परक्या नंबरप्लेटने. गाडीची नोंद करून बाहेर पडले तर नेपाळी सिमकार्डाच्या दुकानापुढे ही गर्दी. पुढच्या गावात घेऊ म्हटलं. इतक्या सहजपणे म्हटलं, की आजही त्याचं आश्चर्य वाटतं.

सिमचं विसरून बुटवल शहरही ओलांडलं आणि डोंगर समोरच उभा राहिला. आपल्याकडे घाट लागायच्या आधी जरा चढ लागतो, एखादं वडापावचं दुकान लागतं, मनाची तयारी होते. इथे तसलं काही नव्हतं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरीत राखाडी नदी आणि मधल्या रस्त्यावर चिखल. देखावा अप्रतिम होता असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. प्रत्यक्षात मी समोरच्या ट्रकचं मागचं चाक सोडून काही पाहिलेलं नाही. दोन वळणं गेल्यावर तो ट्रक थांबला. त्याच्यापुढची बस थांबली होती. बसच्या पुढे रस्ताच नव्हता. दरड आली होती.

फोन काढला. नेटवर्क नाही. आणि तेव्हा लक्षात आलं की माझा ठिपका सकाळीच कमानीपाशी मेला आहे.

मागे फिरावं तर तोवर माझ्यामागे पाऊण मैल गाड्या लागल्या होत्या. मी गाडीवर बसून राहिले. वरून अधूनमधून खडे घरंगळत यायचे आणि सगळी रांग माना वर करून बघायची. खरं सांगायचं तर मला त्या खड्यांची भीती नव्हती. मला जिना दिसत होता. जिन्यात बसलेला तो, हातात फोन, छातीवर हात. ऊन कड्यावरून सरकत चाललं तसा माझा धीर सुटला आणि मी हॉर्नवर अंगठा दाबून धरला.

"दिदी," शेजारच्या जीपचा ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "हॉर्न से पहाड नहीं हटता. हम बचपन से बजा रहे हैं."

जीपमधल्या बायका हसल्या. मला रडू आलं, त्यामुळे त्या खाली उतरल्या. मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं: नवरा, हार्ट, फोन. त्यांतल्या एका आजीबाईंनी ड्रायव्हरला काहीतरी खरमरीत सुनावलं. त्याने मुकाट्याने स्वतःचा फोन काढला. "मेरा नेट चलता है. थोडा थोडा. पर दिदी, ये लैंडस्लाइड टीवी पर भी आ गया है. इंडिया के टीवी पर भी होगा."

हे त्याने धीर द्यायला सांगितलं होतं.

त्याच्या नेटवर माझा फोन जोडला. नवऱ्याला व्हॉट्सॲपवर फोन लावला. रिंग वाजत राहिली. मग त्याने उचलला.

"हां, बोल." तोंडात घास होता.

"तू... तू बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? झाली का खरेदी?"

"कसली खरेदी?"

"सकाळपासून तुझा ठिपका बॉर्डरच्या बाजारात उभाय. म्हटलं, बाईंना शालवाला भेटलेला दिसतोय. आता डिस्टर्ब करायचं नाही."

मी गाडीच्या टाकीला टेकले. आजीबाईंनी माझा दंड धरला.

"अगं, पण आपली माणसं काय चांगली आहेत!" तो सांगत होता. "मी उगाच इतकी वर्षं नावं ठेवली. सेक्रेटरी आले, माझा हात धरून बसले. एक शब्द नाही. तो माणूस गप्प बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. मी बातम्या लावायला गेलो तर त्यांनी रिमोटच काढून घेतला. म्हणाले, आज नको. मग चौथ्या मजल्यावरच्या वहिनी डबा घेऊन आल्या. मग समोरचे. मग बी विंगमधून कोणी आलं, त्यांचं तर मला नावही माहीत नाही."

"डब्यात काय होतं?" मी विचारलं.

"पिठलं-भात."

"आणि समोरच्यांच्या?"

"पिठलं-भात. सगळ्यांनीच. तू नाहीस म्हणून साधं काहीतरी आणलं असेल."

आपल्याकडे ज्या घरातलं माणूस गेलेलं असतं त्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजारीपाजारी डबे आणतात आणि डब्यात पिठलं-भात असतो. त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच्या आईच्या वेळी आम्ही तेच जेवलो होतो. पण आपली बायको बाजारात उभी दिसत असताना माणूस पिठल्याचा अर्थ लावत बसत नाही.

"हो," मी म्हटलं, "शालीच बघत होते. इथे रेंज नाही, आता सकाळीच फोन करेन. घाबरू नकोस."

"मी कशाला घाबरू?"

त्याने फोन ठेवायच्या आत मी ग्रुपवर लिहिलं: मी सुखरूप आहे, कृपया त्यांना काही सांगू नका. सेक्रेटरींनी तत्काळ हात जोडल्याची बारा चित्रं पाठवली. पाठोपाठ चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी लिहिलं की त्यांना आतून वाटतच होतं.

नवरा अजून फोनवरच होता. दोनदा वाढून घेतलं, म्हणाला; पण चौथ्या मजल्यावरच्या पिठल्यात मीठ कमी होतं.