अंकुरच्या वेळचे बाबा

शालिग्राम ठवकरांचं जबलपूरला ओमती भागात रेडिमेड कपड्यांचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. थोरला अंकुर सोळा वर्षांचा. बिअर पिऊन मित्राची बाइक घेऊन निघाला आणि भेडाघाटच्या रस्त्यावर पडला. शालिग्रामजींनी दुकान नोकरावर सोडलं आणि आठवडाभर प्रायव्हेट दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून राहिले. रागाचा एक शब्द नाही.

"वयच तसं आहे, नीलिमा," ते बायकोला म्हणाले. "आपण सोबत राहू."

पुढे कितीतरी महिने ते संध्याकाळी त्याला नर्मदेकाठी ग्वारीघाटावर न्यायचे. कधी बोलायचे, कधी नुसतेच बसायचे. पोरगा सावरला. पुण्यात शिकला, तिथंच नोकरीला लागला. आता फोन येतो तो सणासुदीला.

मग गिऱ्हाईक मोबाइलवरच कपडे मागवायला लागलं आणि दुकान बसलं. शालिग्रामजी एका अपार्टमेंटच्या गेटवर गार्ड झाले. बारा तासांची ड्यूटी. नीलिमा सिव्हिल लाइन्समधल्या दोन बंगल्यांत स्वयंपाकाला जाऊ लागली. धाकटी क्षमा शाळेतून यायची तेव्हा दाराला कुलूप असायचं.

तीही सोळाची झाली. ट्यूशनचं नाव सांगून एका मुलाच्या गाडीवर फिरू लागली. एका दुपारी गाडी घसरली. क्षमाचा हात मोडला, तोंडाला दारूचा वास येत होता. शालिग्रामजी वर्दीतच सरकारी दवाखान्यात पोचले. खिशात सुपरवायझरचा फोन सारखा वाजत होता; शेवटी त्यांनी तो उचलला.

"अंकल, गेट खाली पड़ा है. आप हैं कहाँ?"

प्लास्टर होईपर्यंत ते थांबले. मग सगळ्यांसमोर त्यांनी मुलीच्या थोबाडीत मारली.

घरी आल्यावर म्हणाले, "शाळा बंद. पांढुर्ण्याला मामाकडे राहायचं."

"दादाच्या उशाशी तर तुम्ही बसून होते," क्षमा म्हणाली. "मग मलेच काहून मारून राहिले?"

"तवा दुकान होतं, बेटा."

तोंडून हे निघून गेलं, तसे ते पाठ करून वर्दीची बटणं काढू लागले.

"परीक्षा तरी होऊ द्या तिची," नीलिमा म्हणाली.

"अन् लक्ष कोण ठेवन? तू, का मी?"

 नीलिमाची संध्याकाळच्या स्वयंपाकाची वेळ झाली होती. डोळे पुसून ती निघाली.

दिवाळीत एक दिवसाची सुट्टी मिळाली, तेव्हा शालिग्रामजी पांढुर्ण्याला गेले. मामाच्या किराणा दुकानात क्षमा डाळीच्या पुड्या बांधत होती. हात जरा वाकडाच जुळला होता.

"चल घरी. शाळेचं बघतो मी."

"घरी जाऊन काय करू, बाबा? तुम्ही ड्यूटीवर, आई कामावर."

तिच्या आवाजात राग नव्हता, तेच त्यांना सोसवेना. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ती साखर तोलायला वळली.

 मग त्यांनी मामाला जबलपूरच्या बसची वेळ विचारली. सकाळी गेटवर हजर व्हायचं होतं.