आबांनी वितळवलेली नाणी

कल्याण स्टेशनावर आबा मला पोचवायला आले तेव्हा त्यांच्या धोतरावर भट्टीची राख तशीच होती. गाडी सुटताना एवढंच म्हणाले, "जातोस खरा, पण रिकाम्या हातानं येऊ नकोस." तांबटाचा मुलगा हातोडा सोडून पार रशियाच्या बातुम बंदरात घासलेटचे डबे मोजायला निघाला होता. ते रागावले होते की आशीर्वाद देत होते, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

बातुमला पोटापाण्याची सोय झाली, पण जीव रमेना. एकदा बाजारात भंगारवाल्याकडं तांब्याचं भलंमोठं नाणं दिसलं. कुठल्याशा जुन्या राणीच्या काळचं, चलनातून गेलेलं. त्यावर दोन तोंडांचा गरुड, आपल्या देवळांवरच्या गंडभेरुंडाचा भाऊच म्हणा. हातात घेतलं, मनगटाला वजन कळलं आणि आबांचं दुकान आठवून डोळे भरून आले. तेव्हापासून नादच लागला. समोवारचा, म्हणजे तिथल्या बंबातला, चहा पीत मी नाणी खिडकीत मांडून बघत बसे. त्यांच्यावरची काळपट हिरवी झाक पुसायची नाही, तेच त्यांचं वय, हे तिथल्याच एका शौकिनानं शिकवलं. घरमालकीण मोठी सभ्य; धूळ झटकायची तरी आधी विचारायची.

रजेवर घरी आलो आणि सगळी थैली आबांपुढं ओतली. त्यांनी एक नाणं दगडावर वाजवून पाहिलं, मान डोलावली. मग मी ठाण्याला बहिणीकडं चार दिवस राहून आलो. परत येतो तो नाणी नाहीत. आबांनी चिंचेनं घासून लख्ख केलेला एक नवाकोरा तांब्या माझ्यापुढं ठेवला.

"माल चोख होता," ते म्हणाले. "तांबटाच्या पोरानं तांबं आणलं, ते काय बघत बसायला?"

मला संताप आला. पण आईनं हळूच सांगितलं, की कित्येक महिने जुन्या गळक्या भांड्यांना डाग देऊन सांधण्यावरच दुकान चाललं होतं. इतक्या दिवसांत घडवलेलं नवं भांडं हेच. आबांचा चेहरा तर असा उजळलेला, की भांडावं का पाया पडावं सुचेना. शेवटी पाणी मागितलं आणि त्याच तांब्यातून प्यालो.

आता तो इथं बातुमला माझ्या खिडकीत आहे. गावी राहिलेले तुम्ही हसाल. माझ्यासारखे बाहेर पडलेले काय म्हणतील, देव जाणे. एखादं नाणं दिसलं तर अजून घेतो. कशासाठी, ते विचारू नका.

परवा घरमालकिणीनं खिडकी पुसायला काढली आणि दारातूनच विचारलं, तांब्याला हात लावू का? इतक्या वर्षांत तिनं माझ्या एकाही वस्तूला न विचारता हात लावलेला नाही. कल्याणला माझा सगळा खजिना भट्टीत गेला, आणि मला विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नाही; घरच्याला कोण विचारतं! लावा म्हणालो, आणि घरच्या आठवणीनं तिच्यासमोरच रडू कोसळलं.